नर्मदेवरचा तरंगता दवाखाना

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. या जिल्ह्यातल्या संस्थांचा इतिहास सांगायचा म्हटले की पुरुषोत्तमनगरच्या माणसाला आधी सहकार आठवतो, आणि ते योग्यच आहे. पी. के. अण्णा पाटील यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना आणि त्याच्या आधाराने वसलेले हे गाव, हा आमचा रोजचा अभिमान आहे. तरीही या स्मरणिकेसाठी मी मुद्दाम डोंगरापलीकडची एक संस्था निवडली. सातपुड्यातल्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांची माणसे ऊसतोडीला, निंदणीला, कापूस वेचायला आमच्या शिवारात येतात. शहादा तालुक्यातल्या वडछील, जावदा इथल्या पुनर्वसन वसाहतींत तर नर्मदाकाठून उठून आलेली कुटुंबेच राहतात. त्यांच्या मूळ गावांना औषध कसे पोचले, कोणाच्या पैशाने पोचले आणि महामारीत ते कोणी चालू ठेवले, हे आपल्या जिल्ह्याच्या दप्तरात नीट लिहिलेले असायला हवे.

या संस्थेला इमारत नाही, संस्थापकाची तसबीर नाही, वार्षिक सर्वसाधारण सभा नाही. आरोग्य विभागाच्या कागदांत तिचे नाव ‘तरंगता दवाखाना’ असे आहे. काठावरचे लोक तिला बार्ज म्हणतात, कोणी नुसतेच ‘दवाखान्याची बोट’ म्हणतात.

बोट कशासाठी लागली, हे सांगायचे तर पाण्यापासून सुरुवात करावी लागते. नर्मदा जलतंटा लवादाचा निवाडा १९७९ मध्ये आला आणि गुजरातेत सरदार सरोवराच्या कामाला वाट मिळाली. १९८५ मध्ये जागतिक बँकेने या प्रकल्पाला ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. जपान सरकारही वीजनिर्मितीच्या यंत्रांसाठी पैसे देत होते, पण लोकांचा विरोध पाहून १९९० मध्ये जपानने हात आखडता घेतला. पुनर्वसन आणि पर्यावरण यांची तपासणी करण्यासाठी बँकेने ब्रॅडफोर्ड मॉर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली. १९९२ मधला तिचा अहवाल प्रकल्पावर कठोर टीका करणारा होता आणि मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज नाकारले. धरण मात्र चढतच राहिले. महाराष्ट्रातली ३३ गावे बुडीत क्षेत्रात आली. मणिबेली पहिली, मग धनखेडी, चिमलखेडी, सिंदुरी, गमण, बामणी, डनेल, मुखडी, पुढे अक्राणीतली भादल, भुषा, डोमखेडी, निमगव्हाण. २०१७ मध्ये धरणाची उंची १३८.६८ मीटरला पोचली.

‘बुडीत गाव’ हा शब्द ऐकला की आमच्या सपाटीवरच्या माणसाला वाटते, गाव गेले, माणसे दुसरीकडे गेली, विषय संपला. तसे झाले नाही. बरीच कुटुंबे तळोदा-शहाद्याकडे आली, पण कितीतरी जणांनी घराची लाकडे उचलून वरच्या टेकडीवर नेली आणि तिथेच पुन्हा झोपडे उभारले. जुन्या पायवाटा, नाले ओलांडायच्या जागा, काठाकाठाने जाणारा रस्ता, सगळे पाण्याखाली गेले. एका पाड्यावरून समोर दिसणारा दुसरा पाडा गाठायला एकतर पाणी ओलांडायचे किंवा दोन डोंगर चढून उतरायचे. बाळंतपणात अडलेल्या बाईला बांबूला झोळी बांधून खांद्यावरून आणायचे, आणि तेही जिथवर गाडी येते तिथवरच. या झोळीला आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी ‘बांबूलन्स’ असे नाव दिले. ज्यांच्या खांद्यावर तो बांबू असतो, त्यांना त्या नावाचे काही कौतुक वाटत असेल, असे मला वाटत नाही.

या पाण्यावर २००५ च्या सुमारास दवाखाना आला तो युरोपीय आयोगाच्या मदतीने. त्या वेळी भारत सरकारचे परदेशी मदतीविषयीचे धोरण नुकतेच बदलले होते. २००३ मध्ये केंद्राने ठरवले की लहान लहान देशांची सरकारी मदत आता घ्यायची नाही, मोजक्या मोठ्या देणाऱ्यांशीच व्यवहार ठेवायचा. त्या मोजक्यांत युरोपीय आयोग होता. आरोग्य आणि कुटुंबकल्याण क्षेत्रासाठी त्यांचा कार्यक्रम देशातल्या अनेक राज्यांत आधीपासून चालू होता. त्यातूनच अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांसाठी तरंगत्या दवाखान्याची कल्पना प्रत्यक्षात आली. बोटीवर वैद्यकीय अधिकारी, औषधनिर्माता, परिचारिका आणि बोट चालवणारी माणसे. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या काठाला बोट लागायची. तपासणी, औषध, लसीकरण, गरोदर मातांची नोंद, तापाच्या रुग्णांचे रक्तनमुने, आणि गंभीर रुग्ण असला तर त्याला बोटीतच घेऊन पुढे.

कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात काठ कुठे आहे, हेच दर महिन्याला बदलते. पावसाळ्यात पाणी वर चढते आणि वारा सुटला की बोट काठाला लावता येत नाही. उन्हाळ्यात पाणी खाली सरकते आणि काठ आणि पाणी यांच्यामध्ये गुडघाभर गाळ उरतो. त्या गाळातून लशीची पेटी डोक्यावर घेऊन जायचे, मग चढण चढून पाड्यावर जायचे, कारण पाडा वर असतो आणि ताप आलेले मूल घेऊन आई खाली येईलच असे नाही. पावरी किंवा भिलोरी बोली येत नसेल तर परिचारिकेला दुखणे कुठे आहे हेही कळायचे नाही. भगत-पुजाऱ्यांशी भांडण करून काम होत नाही, त्यांना सोबत घ्यावे लागते, हेही बोटीवरच्या लोकांना तिथेच शिकावे लागले.

परदेशी पैशाच्या प्रकल्पांचे पुढे काय होते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. मुदत संपते, समारोपाचा अहवाल छापला जातो, गाडी पंचायत समितीच्या आवारात चाकाखाली विटा लावून उभी राहते. तरंगत्या दवाखान्याच्या बाबतीत एक महत्त्वाची गोष्ट घडली. त्याच २००५ च्या एप्रिलमध्ये देशात राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले होते. युरोपचा पैसा थांबल्यावर या दवाखान्याचा खर्च अभियानाने उचलला. बोटीचे डिझेल, औषधे, माणसांचे मानधन हे सगळे आपल्याच सरकारच्या वार्षिक आराखड्यात बसले. या संस्थेच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी घटना आहे असे मी मानतो, बोट पाण्यात उतरली त्यापेक्षाही मोठी. त्या दिवसाचा फोटो कुठे नसेल, फीत कापायला कोणी आले नसेल. एका तक्त्यात एक ओळ वाढली आणि दवाखाना जिल्ह्याचा झाला.

अर्थात ती ओळ दरवर्षी नव्याने मंजूर करून घ्यावी लागते. माणसे कंत्राटी, ११ महिन्यांच्या आदेशावरची. त्यांच्या जोडीला नवसंजीवनी योजनेतले भरारी पथकांचे डॉक्टर, तेही मानधनावरच. वर्षे लोटली तशा बोटी जुन्या झाल्या. इंजिन बिघडले की सुटा भाग येईपर्यंत सेवा थांबायची. पुढे रुग्ण नेण्यासाठी लहान बोट-रुग्णवाहिका आल्या आणि थोडा आधार झाला.

मग २०२० आले.

त्या वर्षी होळी ९ मार्चला होती. सातपुड्यात होळीला माणूस घरी येतोच, मग तो सुरतेला असो की सौराष्ट्रात. काठी गावच्या राजवाडी होळीला अलोट गर्दी होते. होळी झाली की मंडळी पुन्हा कामाला निघतात. बरेच जण निघाले, आणि २५ मार्चपासूनच्या टाळेबंदीने त्यांना वाटेत आणि परक्या गावात गाठले. एप्रिलच्या मध्यात नंदुरबार शहरात कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला. नमुने तपासायला धुळ्याला पाठवावे लागत होते.

त्याच मार्च महिन्यात जगभर परदेशी मदतीच्या कार्यक्रमांचे काय झाले, ते इथे सांगितले पाहिजे, म्हणजे आपल्या बोटीची गोष्ट नीट कळेल. अमेरिकेच्या सरकारने १९६१ पासून चालवलेल्या पीस कोअरने आपले सुमारे ७ हजार स्वयंसेवक साठाहून अधिक देशांतून काही दिवसांत मायदेशी नेले. सगळ्या देशांतून एकाच वेळी माघार घेण्याची त्यांच्या इतिहासातली ही पहिली वेळ. एकेकाळी हे स्वयंसेवक भारतातही होते, १९७६ मध्ये इथले काम बंद झाले. जपाननेही आपले स्वयंसेवक परत बोलावले. खेड्यातल्या शाळेत शिकवणारा, दवाखान्यात मदत करणारा माणूस मुलांचा निरोपही न घेता विमानात बसला. यात त्यांचा दोष नव्हता. विमाने बंद होत होती, आजारी पडल्यास उपचाराची खात्री नव्हती, आणि आपल्या नागरिकाची काळजी घेणे त्या त्या सरकारचे कर्तव्य होते. पण त्यांच्या मागे त्या देशांत राहिले ते स्थानिक नोकर, दुभाषे, चालक, कार्यालय सांभाळणारे. पीस कोअरचे स्वयंसेवक पुन्हा रुजू व्हायला २०२२ चा मार्च उजाडला. ब्रिटनने सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी मदतीचे स्वतंत्र खाते परराष्ट्र खात्यात विलीन केले आणि पुढच्या वर्षी मदतीचे प्रमाण राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणले. देणाऱ्याच्याच घरात आजारपण शिरले की शेजाऱ्याला पाठवायचा डबा आधी बंद होतो.

तरंगता दवाखाना २०२० मध्येही युरोपच्या पैशावर, प्रकल्पाच्या मुदतीवर आणि बाहेरून आलेल्या सल्लागारांवर चालत असता, तर त्याचे काय झाले असते? अशा वर्षात पैसा दुसरीकडे वळतो आणि सल्लागार परत जातो. इथली परिचारिका धडगाव-मोलगीकडची, बोट हाकणारा काठावरचा, औषध जिल्ह्याच्या भांडारातले. त्यांना परत बोलावणारा दुसरा देशच नव्हता. जे केले ते त्यांनी आपल्याच माणसांसाठी केले, आणि भीती त्यांनाही होती. सुरुवातीच्या आठवड्यांत मुखपट्ट्यांचीही टंचाई होती, हे विसरता येत नाही.

त्या काळात काठावर कोणी काय केले याचे एक उदाहरण देशभर गाजले. चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे. विषाणूच्या भीतीने अलिगाट आणि दादर या पाड्यांवरच्या मातांनी अंगणवाडीकडे यायचे थांबवले. तेव्हा त्यांनी एका मच्छीमाराची लहान होडी मागून घेतली आणि एप्रिल २०२० पासून स्वतः वल्हवत १८ किलोमीटरचा पल्ला गाठून त्या जात राहिल्या. सोबत पोषण आहार, वजनकाटा, नोंदवही. गरोदर बायका आणि तान्ही मुले यांचे वजन चुकू नये, एवढाच त्यांचा आग्रह. ज्या जिल्ह्याचे नाव कुपोषणाच्या बातम्यांतच येते, तिथे हा आग्रह किती मोलाचा, हे वेगळे सांगायला नको. चिमलखेडीलाच १९९२ मध्ये नर्मदा बचाओ आंदोलनाने आपल्या पहिल्या जीवनशाळांपैकी एक सुरू केली होती. शिकायचे, शिकवायचे आणि हक्क मागायचे, हे त्या काठाला नवे नाही. रेलूताईंचे कौतुक मुंबईपर्यंत झाले. मला मात्र प्रत्येक वेळी वाटते की ज्या पाण्यावर सरकारी दवाखान्याची बोट फिरते, त्या पाण्यावर एका मानधनी सेविकेला उसनी होडी घ्यावी लागली, याचीही नोंद त्या कौतुकाशेजारी राहिली पाहिजे.

जिल्ह्याच्या ठिकाणी तेव्हा जिल्हाधिकारी होते डॉ. राजेंद्र भारूड. साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे, भिल्ल समाजातले, स्वतः डॉक्टर. पहिली लाट ओसरत असताना, सगळीकडे ‘संपले एकदाचे’ असे म्हणत असताना, त्यांनी सप्टेंबर २०२० मध्ये जिल्ह्यात हवेतून ऑक्सिजन तयार करणारा पहिला प्रकल्प बसवला. मिनिटाला ६०० लिटरचा, खर्च सुमारे ८५ लाख. फेब्रुवारी आणि मार्च २०२१ मध्ये आणखी दोन झाले. एप्रिलमध्ये दिल्ली, नाशिक, नागपूर ऑक्सिजनसाठी धडपडत होते तेव्हा आपल्या जिल्ह्याला टँकरची वाट पाहत बसावे लागले नाही. शेजारच्या जिल्ह्यांतले, गुजरात-मध्य प्रदेशातले रुग्णही इकडे आले. खाटा कमी पडू लागल्या तेव्हा नंदुरबार स्थानकावर रेल्वेचे अलगीकरण डबे उभे केले. ‘नंदुरबार पॅटर्न’ हा शब्द त्या महिन्यात महाराष्ट्रभर झाला. आपल्या जिल्ह्याचे नाव एखाद्या चांगल्या गोष्टीपुढे लागण्याचे प्रसंग फार नाहीत, म्हणून इथे ते पुन्हा लिहावेसे वाटते.

याच काही महिन्यांत भारत आधी देणारा आणि मग घेणारा झाला. मार्च २०२० मध्ये आपल्या सरकारने मालदीवला १४ जणांचे वैद्यकीय पथक पाठवले, एप्रिलमध्ये कुवेतला १५ जणांचे. २० जानेवारी २०२१ रोजी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोविशिल्ड लस भूतानला दीड लाख आणि मालदीवला एक लाख मात्रा अशी भेट म्हणून रवाना झाली. ‘लस मैत्री’ या नावाने पुढे शेजारी देश, आफ्रिका, कॅरिबियन बेटे इथवर ती गेली. काही देणगी, काही विकत, काही कोव्हॅक्स या जागतिक योजनेतून, अशा साडेसहा कोटींच्या आसपास मात्रा बाहेर गेल्या. मग दुसरी लाट उसळली आणि निर्यात थांबली. सीरमच्या लशीवर भिस्त ठेवून बसलेले गरीब देश महिनोन् महिने ताटकळले. पुन्हा पाठवणी सुरू झाली ती ऑक्टोबर २०२१ मध्ये. त्याआधी, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, २७ एप्रिल २०२१ रोजी ब्रिटनहून १०० व्हेंटिलेटर आणि ९५ ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर दिल्लीला उतरले. त्यांच्यामागून चाळीसहून अधिक देशांची मदत आली. २००४ च्या त्सुनामीत ‘आमचे आम्ही पाहू’ म्हणून परदेशी सरकारांची मदत नाकारणारा आपला देश या वेळी हात पुढे करत होता. त्यात कमीपणा मानायचे कारण नाही. संकट सगळ्यांवर एकदम आले होते आणि ज्याच्याजवळ ज्या दिवशी जे होते ते त्याने दिले. एवढे मात्र खरे की विमानतळावर उतरलेली पेटी खाटेपर्यंत पोचवायला माणूस लागतो, ऑक्सिजनचे यंत्र चालवायला शिकलेला हात लागतो, आणि तो परदेशातून येत नाही.

सातपुड्यात लस पोचवणे हे ऑक्सिजनपेक्षाही अवघड ठरले. यंत्र विकत मिळते, विश्वास मिळत नाही. लस घेतली की माणूस मरतो, मूल होत नाही, अशा अफवा पाड्यापाड्यांवर फिरत होत्या. मोबाइलची रेंज नसलेल्या गावातही त्या पोचल्या होत्या. प्रशासनाने लसीकरणाच्या गाड्या गावोगाव पाठवल्या, शिक्षक, सरपंच, पोलीस पाटील यांना समजावणीच्या कामाला लावले. नर्मदाकाठी गाडी जात नाही, तिथे बोट-रुग्णवाहिका गेली. एरवी अडलेल्या बाया आणि तान्ही मुले नेणारी ही बोट २०२१ मध्ये लशीच्या पेट्या आणि आरोग्य पथक घेऊन एका काठावरून दुसऱ्या काठावर फिरली, आणि पथक पुढे पायी चढून पाड्यांवर गेले. पहिल्या फेरीत लोक डोंगरात निघून जायचे, हे त्या भागात काम केलेले कोणीही सांगेल. मग ओळखीची परिचारिका, गावची आशा सेविका, आणि कधी एखादा पुजारा स्वतः दंड पुढे करी, तेव्हा बाकीचे येत. दीड दशक याच काठांना औषध घेऊन येणारी बोट होती, म्हणून निदान तिला पाहून कोणी दार लावून घेतले नाही. ती ओळख महामारीत नव्याने तयार करता आली नसती.

या माणसांना काय मिळाले, तेही लिहिले पाहिजे. साथीच्या पहिल्या वर्षी भरारी पथकांच्या डॉक्टरांचे मानधन २४ हजारांवरून ४० हजार करण्याचा निर्णय झाला. आशांना जून २०२१ मध्ये राज्यभर संप करावा लागला, तेव्हा १ जुलैपासून महिना हजार रुपयांची वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता मिळाला. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत सप्टेंबर २०२० पासून घरोघर फिरून लोकांच्या अंगातला ताप आणि रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या याच बायका होत्या. कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या कायम होण्याचा प्रश्न साथीच्या आधी जिथे होता, तिथून साथीने तो फारसा पुढे सरकवला नाही. टाळ्या आणि थाळ्या खूप वाजल्या. आदेश मात्र ११ महिन्यांचाच राहिला.

म्हणून जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला आणि लोकप्रतिनिधींना या लेखातून तीन गोष्टींची विनंती करतो. तरंगत्या दवाखान्याच्या बोटींच्या दुरुस्तीसाठी आणि नव्या बोटींसाठी दरवर्षीची ठरलेली तरतूद असावी, इंजिन बंद पडल्यावर प्रस्ताव पाठवण्याची वेळ येऊ नये. बोटीवरची पदे नियमित आस्थापनेवर मंजूर व्हावीत. आणि २००५ पासून या बोटींवर काम केलेले डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते, बोटचालक, खलाशी यांची यादी, प्रत्येकाचे गाव आणि सेवेची वर्षे यांच्यासह, विभागाने हजेरीपटांवरून तयार करावी. हजेरीपट जुने होतात, कार्यालये बदलतात, कपाटे रिकामी केली जातात. ती यादी झाली की तिच्यासाठी पाने राखून ठेवायला पुरुषोत्तमनगरची मंडळी तयार आहेत, आणि छपाईचा खर्चही आम्हीच करू.